थोडं थांबा, तो सांगतोय

आमच्या नातवाविषयीचे प्रश्न लोक त्याला विचारत नाहीत, मला विचारतात. तो माझं बोट धरून उभा असतो, समोरच्या माणसाला चपलेपासून चष्म्यापर्यंत न्याहाळत असतो, आणि त्याच्या डोक्यावरून प्रश्न येतो. "बोलतो का हो हा?" "हाताने जेवतो का?" "सगळं समजतं का त्याला?" साडेचार वर्षांचा आहे. समजतं. आपल्याविषयी काही चाललंय हे तर फारच चांगलं समजतं, कारण अशा वेळी तो हमखास माझा पदर ओढतो आणि 'चल' अशी खूण करतो.

त्याला डाऊन सिंड्रोम आहे. मी नोकरीभर जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. मुलं उशिरा शिकतात, वेगळं शिकतात, काही पाटीवर शिकतात आणि काही पाटी फोडून शिकतात, हे सगळं पाहिलं होतं. तरीही या मुलाने मला एक गोष्ट नव्याने करायला लावली. प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं. शिक्षकाला ते जमत नाही. वर्गात दोन सेकंद शांतता झाली की आपण प्रश्न पुन्हा विचारतो, नाहीतर उत्तर फळ्यावर लिहून मोकळे होतो.

तो उत्तर देतो, पण उशिरा. ऐकलेलं मनात लावून घ्यायचं, त्यावर काय म्हणायचं ते ठरवायचं, तो शब्द शोधायचा आणि मग ओठ, जीभ आणि श्वास यांना एकत्र आणून तो बाहेर काढायचा. आपलं हे सारं एका झटक्यात होतं, त्याला यातल्या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, बहुतेक वेळा सात-आठला काहीतरी येतं. शब्द येतो, खूण येते किंवा मान हलते. पण समोरचा तिसऱ्या सेकंदाला म्हणतो, "काय बे, लाजलास का?" झालं, हा नवा प्रश्न. आधीचं अर्धं जुळवलेलं सगळं मोडतं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तिसऱ्यांदा तो सोडून देतो. मग लोक माझ्याकडे बघून म्हणतात, "नाही का हो बोलत?"

आमच्या गल्लीत त्याच्याशी सगळ्यात चांगल्या गप्पा मारते ती शेजारची अव्वा, म्हणजे तेलुगूत आजी. आमचा भाग सोलापूरच्या पूर्वेकडचा, अर्धी वस्ती तेलुगू बोलणारी. अव्वाच्या मांडीवर सूप असतं आणि दिवसभर ती विड्या वळते. नातू उंबऱ्यावर जाऊन बसतो (तंबाखूच्या खकाण्यामुळे सुनेने आत जायला बंदी केली आहे, आणि ते बरोबरच आहे). अव्वा विचारते, "तिन्नावा?" म्हणजे जेवलास का. विचारते आणि पुन्हा कामाला लागते. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. एवढ्या वेळात त्याचं उत्तर तयार झालेलं असतं. तो पोटावर हात ठेवून "हो" म्हणतो, कधी "भाती" म्हणतो, ते भाकरीसाठी असतं. अव्वाला कुणी काही शिकवलेलं नाही. तिचे हात गुंतलेले असतात म्हणून तिला घाई नसते, एवढंच.

मध्यंतरी एकांनी सल्ला दिला की याच्याशी एकच भाषा बोला, नाहीतर गोंधळेल. सोलापुरात! इथे भाजीवाली कानडीत भाव सांगते, रिक्षावाला हिंदीत भांडतो, गल्लीत तेलुगू आणि घरात मराठी. एकच भाषा ठेवायची तर पोराला घरात कोंडावं लागेल. आणि अभ्यास काय सांगतात, तर दोन भाषांच्या घरात वाढणारी डाऊन सिंड्रोमची मुलं एका भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे पडत नाहीत. बोलणं उशिरा येतं ते मुळातच उशिरा येतं, अव्वाच्या तेलुगूमुळे नाही.

आता हे मुळात काय आहे ते सांगते, कारण चार वर्षांत याविषयी मी जे ऐकलं त्यावर एक वेगळा लेख होईल. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, एकूण ४६. बीजपेशी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होताना प्रत्येक जोडी सुटून एक-एक गुणसूत्र वाटणीला यायचं असतं. कधी कधी २१व्या क्रमांकाची जोडी सुटतच नाही. मग बाळाला त्या क्रमांकाची दोन नव्हे, तीन गुणसूत्रं मिळतात. आमच्या नातवाच्या रिपोर्टवर ४७ हा आकडा आहे. डाऊन सिंड्रोमच्या १०० मुलांपैकी साधारण ९५ मुलांत हेच घडलेलं असतं. इंग्लंडमधल्या जॉन लँग्डन डाऊन या डॉक्टरांनी अशा मुलांचं वर्णन १८६६ साली लिहिलं, म्हणून त्यांचं नाव. पण कारण सापडायला १९५९ उजाडलं. पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेजून आणि रेमों तुर्पँ यांच्या कामातून ते जास्तीचं गुणसूत्र दिसलं.

या सगळ्यात ग्रहण कुठेही नाही. सुनेने सूर्यग्रहणात भाजी चिरली होती का, हे मला दोघींनी विचारलं. पपई खाल्ली का, डोहाळे पुरवले नाहीत का, कुणाची नजर लागली का, हेही झालं. ती जोडी सुटली नाही ती गर्भ राहण्याच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला. तेव्हा ना डोहाळे होते ना भाजी. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं, ३५व्या वर्षी साधारण ३५० बाळांत एक आणि ४०व्या वर्षी १०० बाळांत एक असं प्रमाण सांगतात. पण तरुण वयातच बाळंतपणं जास्त होतात, त्यामुळे अशी बहुतेक मुलं तरुण आयांच्याच पोटी येतात. आमची सून तेव्हा तिशीच्या आतली होती. कुणाचं काही चुकलं नाही, एवढं एक वाक्य तिला पहिल्या आठवड्यात कुणी ठामपणे सांगायला हवं होतं.

ते सांगितलं गेलं नाही. ज्या दवाखान्यात बाळ जन्मलं तिथे माझ्या मुलाला आणि यजमानांना जिन्यात गाठून बातमी दिली, आणि वर सांगितलं की बाळाच्या आईला एवढ्यात सांगू नका, दूध आटेल. मग काय, दोन दिवस सगळे पुरुष तिच्यासमोर हसरे चेहरे करून फिरत होते. बाई बाळंतीण असते, आंधळी नसते. तिने ते चेहरे वाचले आणि मनात जे रचलं ते खऱ्यापेक्षा कितीतरी भयंकर होतं. माझं स्पष्ट मत आहे, आईबापांना एकत्र बसवून, बाळ त्यांच्या मांडीवर असताना सांगावं. आणि सांगताना आधी अभिनंदन म्हणावं, बाळ जन्मलेलं असतं.

बारसं करायचं की नाही यावरही घरात कुजबुज झाली. केलं. घुगऱ्या, पेढे, पाळणा, सगळं केलं. आलेल्यांपैकी एकीने माझ्या कानाशी लागून विचारलं, "सोनोग्राफीत आधी कळलं नव्हतं का?" हा प्रश्न मी अजून अधूनमधून ऐकते आणि दर वेळी तो बाळाच्या देखत विचारला जातो. सोनोग्राफी आणि रक्ताच्या चाचण्या फक्त शक्यता सांगतात, खात्रीसाठी गर्भजल तपासावं लागतं, हे माहिती म्हणून मी सांगू शकते. पण विचारणारीला माहिती नको असते. तिला विचारायचं असतं की कळलं असतं तर तुम्ही हे होऊ दिलं नसतं ना. पाळण्यात झोपलेल्या मुलासमोर या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं?

खरी घाई त्या दिवसांत वेगळ्याच गोष्टीची असते. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो. बाहेरून बाळ ठणठणीत दिसत असलं तरी जन्मल्यावर लवकर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायलाच हवा, कारण काही दोषांना पहिल्या काही महिन्यांतच शस्त्रक्रिया लागते. आमच्याकडे लहानसं छिद्र निघालं, ते आपोआप बंद झालं. थायरॉईडची तपासणी जन्मल्यावर, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी. डोळे आणि कान नियमित. हे मी एका दमात सांगितलं, पण कानांविषयी थोडं थांबते.

तो साधारण तीन वर्षांचा असताना घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं की हा हट्टी झालाय. हाक मारली तरी वळत नाही, टीव्हीला चिकटून बसतो. "ही मुलं हट्टीच असतात," असं सांगणारेही भेटले. तपासणीत निघालं की दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साठलंय. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, सर्दी झाली की पाणी साठतं आणि महिनोन्महिने राहतं. दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. पोराला नीट ऐकूच येत नव्हतं, आणि नाव पडलं हट्टी! थायरॉईडचंही तसंच. ते कमी पडलं की मूल सुस्त होतं, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, आणि घरचे म्हणतात, "त्यांचं असंच असतं." झोपेत घोरणं, मध्येच श्वास अडकणं, त्यामुळे दिवसभर चिडचिड, यालाही तेच उत्तर. या तीन शब्दांइतकं नुकसान त्या जास्तीच्या गुणसूत्रानेही केलं नसेल. घोरण्यावर इलाज आहे, थायरॉईडची गोळी आहे, कानातलं पाणी काढता येतं. त्यासाठी मुलाकडे बघावं लागतं, त्याच्यावर लावलेल्या नावाकडे नाही.

अंगात ताठरपणा कमी, सांधे सैल. लहानपणी उचललं की बगलेतून निसटेल असं वाटायचं. त्यामुळे बसणं, रांगणं, चालणं सगळं उशिरा. चालायला सरासरी दोन वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त. फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलेले व्यायाम आम्ही घरच्या जाड चादरीवर करायचो. चादर झोळीसारखी धरून त्याला लोळवायचं, घडी करून तिचा उंचवटा करायचा आणि त्यावरून रांगायला लावायचं. सोलापुरात चादरींना काय तोटा! पुढे सुताराकडून पांगुळगाडा करून घेतला आणि त्याच्या मागे तो गल्लीभर फिरला. जीभ बाहेर राहते यावरही टोकतात लोक. तोंडाची पोकळी लहान आणि स्नायू सैल, म्हणून राहते. ओठ मिटायची सवय हळूहळू लागते.

संक्रांतीला भरणाऱ्या इथल्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली पिपाणी फुंकून बोलणं येतं असं कुणी तरी सांगितलं होतं. थेरपिस्ट म्हणाल्या, बोलणं बोलण्यानेच येतं. पिपाणी मात्र त्याने सोडली नाही. दुपारी दोन वाजता, बाहेर ऊन मी म्हणत असताना आणि अख्खी गल्ली झोपलेली असताना, तो ती वाजवतो.

बोलण्याआधी आम्ही त्याला खुणा शिकवल्या. पाणी, जेवण, अजून, नको, झालं. यावर नातेवाइकांत नाराजी होती. खुणा शिकवल्या तर मुका राहील म्हणे. उलट आहे. या मुलांना समजतं जास्त आणि बोलता येतं कमी, मधल्या काळात हात मदतीला आले की त्रागा कमी होतो आणि शब्द यायला लागले की खुणा आपोआप गळतात. 'पाणी' म्हणता यायला लागल्यावर त्याने ती खूण स्वतःच टाकली. 'नको'ची खूण मात्र ठेवली आहे, शब्दही म्हणतो आणि हातही हलवतो, म्हणजे आमचा गैरसमज व्हायला नको.

माझ्या कामाची गोष्ट यापुढे सुरू झाली. ऐकलेलं लक्षात ठेवणं यांना जड जातं, बघितलेलं चांगलं राहतं. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला सू बकली यांनी १९८०च्या सुमारास याचा अभ्यास सुरू केला आणि दाखवून दिलं की डाऊन सिंड्रोमची लहान मुलं अख्खे शब्द बघून वाचायला शिकू शकतात, आणि ते वाचन त्यांच्या बोलण्यालाही हात देतं. माझा सगळा जन्म 'अ अननसाचा' करण्यात गेला होता. आता पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर ठळक अक्षरांत 'आजी', 'बस', 'भाकरी', 'चप्पल' लिहिलं. पट्टी चित्राशी लावायची, मग पट्टीशी पट्टी, मग मी म्हणेन ती उचलून द्यायची, शेवटी त्याने म्हणायची. आज त्याच्याकडे चपलांचा खोका भरून शब्द आहेत. पट्टी समोर असली की तो 'भाकरी' जवळजवळ पूर्ण म्हणतो, नुसतं ऐकून म्हणताना 'भाती'. डोळ्यांना मधला 'क' दिसतो, कानांना तो निसटतो.

'चप्पल' ही पट्टी का, तर आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. घरोघरी पिंपं भरून ठेवलेली. आमच्या पिंपात एके दिवशी यजमानांची चप्पल सापडली, मग माझी, मग पाहुण्यांची. पाणी टाकून द्यायची आमची ऐपत नाही म्हणून त्यात फरशी पुसली, आणि त्याला ओरडा बसला. घरी आलेली एक मैत्रीण हळहळली, "नको गं रागावू, देवाचं लेकरू ते." मला हे देवाचं लेकरू प्रकरण अजिबात पटत नाही. ही मुलं सदा आनंदी असतात, निरागस असतात, राग कसा तो माहीत नसतो, असं प्रेमाने सांगितलं जातं. आमचा नातू रागावतो, मत्सर करतो, चावलेला आहे, आणि चप्पल टाकून झाल्यावर कोण बघतंय याची खात्री करून घेतो. चुलत बहिणीला जो नियम तोच त्याला. फक्त नियम सांगायचा थोडक्यात, एका वेळी एकच, आणि पुन्हा तेच, समजायला वेळ देऊन.

गेल्या संक्रांतीला त्याला पांढरी बाराबंदी घालून सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला नेलं. आजोबांच्या खांद्यावर बसून त्याने सगळे ध्वज पाहिले आणि प्रत्येक ध्वजाला टाळ्या वाजवल्या. गर्दीत एका बाईंनी त्याच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि हातात दहाची नोट ठेवली. भाव वाईट नव्हता. पण त्याच बाईंनी त्याला "नाव काय रे तुझं?" असं विचारून जरा वाट बघितली असती, तर त्याने नाव सांगितलं असतं. ते त्याला येतं. नोट त्याने घेतली, हे सांगायला हवं. पुढच्या स्टॉलवर तिचे फुगे झाले.

२१ मार्चला जागतिक डाऊन सिंड्रोम दिन असतो. २१व्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. २०१२पासून संयुक्त राष्ट्रंही तो पाळतात. त्या दिवशी दोन पायांत दोन वेगळे मोजे घालायची पद्धत आहे, लोकांनी विचारावं आणि आपण सांगावं म्हणून. कल्पना छान आहे, पण मार्चअखेरीच्या सोलापुरात मोजे घातलेला माणूस दिसला तर लोक वेगळ्याच आजाराची चौकशी करतील. आम्ही दोन वेगळ्या रंगांच्या चपला घातल्या. अव्वाने त्याही बरोबर लावून दिल्या.

सरकारी बाजूचं थोडक्यात सांगते. २०१३पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे, अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला विचारा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा, लहान वयात ते तात्पुरतं मिळतं. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च बसतो आणि थेरपीही धरतात. रांगा आहेत, फेऱ्या आहेत, झेरॉक्स आहेत, तरी करा.

शाळेचं मात्र थोडक्यात सांगता येत नाही. एका शाळेने मुलाकडे न बघताच म्हटलं, "आमची काही हरकत नाही, पण बाकीचे पालक काय म्हणतील?" २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता अशा मुलांना प्रवेश द्यायचा, बाकीच्या मुलांसोबतच शिकवायचं. कायदा मी पर्समध्ये घेऊन फिरते. पण ज्या शाळेला कायदा दाखवावा लागतो तिथे मुलाला घालायची इच्छा उरत नाही, हीही अडचण आहेच.

सध्या तो जवळच्या बालवाडीत जातो. तिथल्या मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हा असा का बोलतो?" बाईंनी सांगितलं, याला शिकायला जरा जास्त वेळ लागतो, आणि याला सगळं ऐकू येतं आणि कळतं. मुलांना तेवढं पुरलं. आता अडचण उलटी आहे. मुली त्याची आई होतात. डबा उघडून देतात, दप्तर उचलतात, घसरगुंडीवर चढवतात. तो राजासारखा उभा राहतो आणि करवून घेतो. बाईंनी आता नियम केला आहे की त्याने मदत मागितल्याशिवाय द्यायची नाही. डब्याचं झाकण उघडायला त्याला बराच वेळ लागतो, मधली सुट्टी निम्मी त्यातच जाते, पण उघडतो.

झाकण, बटण, चेन, चप्पल यांच्यामागे आम्ही एवढे लागतो त्याला कारण आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत डाऊन सिंड्रोमच्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ६०च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, मुलांना संस्थांत टाकून देणं थांबलं, म्हणून. म्हणजे नातू म्हातारा होईल तेव्हा मी नसेन, आणि त्याचे आईबापही नसतील. ही काळजी रात्री येते. दिवसा तिचं बटण करावं लागतं.

जूनमध्ये पुढच्या वर्गाचा प्रश्न आहे. एका शाळेच्या मुख्याध्यापिका तयार आहेत, अट एकच की घरचं एक माणूस वर्गात त्याच्या शेजारी बसावं. माझा मुलगा लगेच हो म्हणाला. सून नको म्हणते. तिचं म्हणणं, मोठं माणूस शेजारी बसलं की बाई त्या माणसालाच सांगतील आणि पोरं त्या माणसालाच विचारतील. बसायचं कुणी, तर अर्थात मीच, त्यामुळे माझं मत कुणी विचारलेलं नाही. मी मधला मार्ग काढला आहे, पहिला महिना मी व्हरांड्यात बसेन, लागलं तर बोलवा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, विचार करून सांगते. त्यांनाही वेळ द्यायला हवा. सोमवारी पुन्हा जायचं आहे, या वेळी त्याला घेऊन, आणि शब्दपट्ट्यांचा खोकाही.